चाकांवरचे घर आणि त्याची बॅटरी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुट्टी घालविण्याची एक तऱ्हा फार लोकप्रिय आहे. प्रवासाला निघताना घर मागे ठेवण्याऐवजी एक लहानसे घरच बरोबर न्यावयाचे. या घराला चाके असतात. काही घरांना स्वतःचे इंजिन असते, त्यांना ‘मोटर होम’ म्हणतात. काही मोटारीच्या मागे जोडून ओढीत न्यावी लागतात, त्यांना ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ असे नाव आहे. या सर्वांना मिळून ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा आद्याक्षरांनी ‘आर. व्ही.’ म्हणण्याचा प्रघात आहे. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर या धंद्याचे माहेरघर समजले जाते. अशा गाडीत निजावयाची जागा, ओटा, शेगडी, फ्रीज, नहाणीघर आणि थंडीत ऊब देणारी भट्टी असा सारा संसार बेताने मांडलेला असतो. तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळीही सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या वाटेला लागतात, आणि मुलांकडे गेलेल्या आईवडिलांनाही या फिरत्या घरात चार रात्री काढण्याचा योग येतो.

या संसाराचा प्राण म्हणजे एक बॅटरी. गाडी रानात उभी असते, जवळपास विजेचा खांब नसतो, आणि रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो. भट्टीत गॅस जळतो हे खरे. परंतु गरम हवा घरभर फिरविणारा पंखा विजेवर चालतो. नळाला पाणी आणणारा पंप विजेवर चालतो. गॅस गळू लागला तर ओरडून जागे करणारे यंत्रही विजेवरच चालते. पहाटे तीन वाजता बॅटरीने मान टाकली, तर भट्टी विझते, नळ कोरडा पडतो आणि तो पहारेकरीही मुका होतो. लहान मुले किंवा वृद्ध माणसे बरोबर असताना ही केवळ गैरसोय राहत नाही.

अशा वेळी पुष्कळांना एकच कोडे पडते. संध्याकाळी दोन तास जनित्र चालविले, बॅटरीचा काटा भरल्याची खूण दाखवीत होता, मग रात्र का निघाली नाही? आणि पाच-सहा वर्षे टिकेल म्हणून घेतलेली बॅटरी दोन वर्षांत निकामी का झाली? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, व ते समजण्यासाठी बॅटरीला वीज देणारी पेटी काय करते हे पाहिले पाहिजे.

या पेटीला ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला ‘इन्व्हर्टर’ आणि हा कन्व्हर्टर यांची नावे जुळ्या भावंडांसारखी असली, तरी त्यांची कामे परस्परांच्या उलट आहेत. इन्व्हर्टर बॅटरीतील एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे रूपांतर घरातील दिव्यापंख्यांना लागणाऱ्या उलटसुलट, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाहात करतो. कन्व्हर्टर बाहेरून आलेला प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन त्याचा एकदिशी प्रवाह बनवितो. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. छावणीच्या जागी खांबाला तार जोडली, किंवा जनित्र सुरू केले, की ही १२० व्होल्टची वीज गाडीत येते. वातानुकूलनाचे यंत्र व मायक्रोवेव्ह तीच घेतात. परंतु दिवे, पंप, भट्टीचा पंखा ही सारी मंडळी १२ व्होल्टची. त्यांच्यासाठी कन्व्हर्टर दाब उतरवितो, प्रवाहाला एकच दिशा देतो, आणि ते करीत असतानाच बॅटरीलाही वीज पुरवितो. दिव्यांना वीज देणे हे सोपे काम. बॅटरीला वीज देणे हे मात्र जोखमीचे व धीराचे काम आहे.

मोटर होममध्ये बॅटऱ्या दोन जातींच्या असतात. इंजिन सुरू करणारी बॅटरी क्षणभर प्रचंड जोर लावते व लगेच विसावते. म्हणून तिच्या शिशाच्या पट्ट्या पातळ व संख्येने अधिक असतात. घराची बॅटरी रात्रभर थोडी थोडी वीज देत राहते. म्हणून तिच्या पट्ट्या जाड असतात. पहिलीचे काम दुसरीला किंवा दुसरीचे पहिलीला सांगितले, तर दोघीही लवकर थकतात.

आता बॅटरीच्या आत डोकावू. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने शिशाची जी बॅटरी बनविली, तिचेच तत्त्व आजही कायम आहे. धन बाजूच्या पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड असतो, ऋण बाजूच्या पट्टीवर सच्छिद्र शिसे असते, आणि दोहोंच्या मध्ये पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल असते. बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी वाढते. उलट दिशेने प्रवाह सोडला की सल्फेट विरघळते, पट्ट्या पूर्वरूपावर येतात आणि आम्ल पुन्हा तीव्र होते. असे सहा घट ओळीने जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते.

आपण बोलताना ‘बॅटरी भरली’ असे म्हणतो. जुन्या पाठ्यपुस्तकांतून मात्र ‘भारणे’ हे क्रियापद आढळते, आणि या प्रसंगी तेच अधिक नेमके आहे. बॅटरीत कोणतीही वस्तू ओतली जात नाही. आत आहे त्याच द्रव्याचे रूप पालटविले जाते. घागर नळाखाली धरली तर नळ जितका मोठा तितकी ती लवकर भरते. बॅटरीचा न्याय घागरीचा नव्हे. तो भिजत घातलेल्या मटकीचा आहे. पाण्यात टाकताच मटकी प्रथम भराभर पाणी पिते. पुढे पुढे दाण्याच्या गाभ्यापर्यंत ओल पोहोचण्यास आपला वेळ घेतेच. वरून पाण्याचा लोट सोडला म्हणून ती लवकर भिजत नाही. बॅटरीतही पट्टीच्या पृष्ठभागावरील सल्फेट चटकन पालटते. आतील छिद्रांतले पालटण्यासाठी आम्लाला तेथवर जा-ये करावी लागते, आणि या संथ व्यवहाराला घाई मानवत नाही.

म्हणून चांगला कन्व्हर्टर आपले काम टप्प्याटप्प्याने करतो. पहिल्या टप्प्यात बॅटरी भुकेली असते. कन्व्हर्टर आपल्या शक्तीनुसार पूर्ण प्रवाह सोडतो आणि बॅटरी तो घेते; दाब हळूहळू चढत सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो. या अवस्थेत बॅटरी अदमासे ऐंशी टक्के भारली जाते. दुसऱ्या टप्प्यात कन्व्हर्टर दाब तेथेच स्थिर धरून ठेवतो. आता किती प्रवाह घ्यावयाचा हे बॅटरी ठरविते. तो तासागणिक कमी कमी होत जातो. उरलेल्या वीस टक्क्यांना पहिल्या मोठ्या हिश्शाइतका, किंबहुना त्याहूनही अधिक वेळ लागतो. तिसऱ्या टप्प्यात दाब १३.२ ते १३.६ व्होल्टच्या दरम्यान उतरविला जातो. भारलेली बॅटरी आपोआप जितकी क्षीण होईल तितकीच भर घालावयाची, अधिक नाही, असा या टप्प्याचा उद्देश असतो.

दाब उतरविण्याचे कारण उघड आहे. १४.४ व्होल्टच्या आसपास बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू यांचे बुडबुडे उठू लागतात. थोडा वेळ हे उपकारकच असते, कारण तळाशी साचलेले जड आम्ल त्यामुळे ढवळले जाते. हा दाब आठवडेच्या आठवडे ठेवला तर मात्र पाणी आटते आणि पट्ट्या उघड्या पडून खराब होतात.

पूर्वीच्या कन्व्हर्टरमध्ये असे टप्पे नव्हते. त्यांत जड लोखंडी गाभ्याचे रोहित्र असे, ते एकसारखे गुणगुणे, आणि अष्टौप्रहर १३.६ ते १३.८ व्होल्टच्या आसपास एकच दाब देई. ही एक तडजोड होती आणि सर्व तडजोडींप्रमाणे ती दोन्ही बाजूंनी उणी पडे. भुकेल्या बॅटरीला हा दाब अपुरा पडे, म्हणून प्रवाह लवकरच मंदावे. भारलेल्या बॅटरीला तो महिनोन्महिने सोसावा लागे, म्हणून पाणी आटे. जुन्या गाड्यांतून असे कन्व्हर्टर आजही सापडतात. गाडी जुनी असेल तर तिच्या मालकाने प्रथम हीच गोष्ट तपासून पाहावी.

आता त्या दोन तासांचा हिशेब मांडू. समजा, एका कुटुंबाच्या ट्रेलरमध्ये २२० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आहे, आणि रात्रीत तिच्यातील निम्मी, म्हणजे ११० अँपिअर-तास वीज खर्च झाली. कन्व्हर्टरवर ५५ अँपिअर असे लिहिले आहे. गृहस्थ भागाकार करतो : ११० भागिले ५५, उत्तर दोन तास. गणित अचूक आहे. पण ते घागरीचे गणित आहे. त्या ५५ अँपिअरपैकी काही प्रवाह चालू असलेले दिवे व पंखे घेऊन जातात. समजा, बॅटरीच्या वाट्याला ४५ अँपिअर आले. नव्या पद्धतीचा कन्व्हर्टर असेल तर दीड तासात बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या जवळ पोहोचेल. तेथून पुढे प्रवाह ओसरू लागेल, आणि पूर्ण भारण्यास आणखी कित्येक तास लागतील. जुन्या पद्धतीचा असेल तर प्रवाह त्याहून लवकर ओसरेल आणि दोन तासांत ऐंशी टक्केही गाठता येणार नाहीत. दुसऱ्या रात्रीची सुरुवात अशी उण्यातूनच होते, तिसऱ्या रात्रीची त्याहूनही उण्यातून. पहाटे भट्टी विझते ती या साठलेल्या तुटीमुळे.

मग काट्याने भरल्याची खूण का दाखविली? कारण भारणे चालू असताना काटा जो दाब दाखवितो तो कन्व्हर्टरचा असतो. बॅटरीची खरी स्थिती त्यावरून कळत नाही. जनित्र बंद केल्यावरही काही वेळ पट्ट्यांच्या पृष्ठभागावरील उसना दाब टिकून राहतो. बॅटरीला काही तास विश्रांती देऊन, तिच्यावर कसलाही भार नसताना दाब मोजला तरच तो विश्वासार्ह ठरतो. अशा वेळी सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.९ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी असे समजावे. बुचे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहणे अधिक खात्रीचे. पूर्ण भारलेल्या बॅटरीत ती सुमारे १.२६५ ते १.२८० भरते.

आणखी एक चोर तारेत दडलेला असतो. ट्रेलरची बॅटरी बहुधा पुढच्या टोकाला असते आणि कन्व्हर्टर पुष्कळदा मागे, ओट्याखाली किंवा पलंगाखाली. मधली तार लांब व बारीक असेल तर दाब वाटेतच गळतो. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध एका ओहमचा केवळ शंभरावा भाग असला, तरी ५० अँपिअर प्रवाहाला अर्धा व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. १२० व्होल्टच्या व्यवहारात अर्धा व्होल्ट कोणी मोजीत नाही; १२ व्होल्टच्या संसारात मात्र तो मोठा असतो. कन्व्हर्टरपाशी १४.४ असलेला दाब बॅटरीपाशी १३.९ होतो आणि नवे यंत्र जुन्यासारखे वागू लागते. तार जाड घेणे आणि कन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ आणणे हा यावर उपाय होय.

काही मंडळी कन्व्हर्टरला वगळून लहान जनित्रावरील १२ व्होल्टच्या छिद्रातून थेट बॅटरीला तार जोडतात. तेथून बहुधा आठ-दहा अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह मिळत नाही. त्याच जनित्राच्या १२० व्होल्टच्या वाटेने गाडीला वीज द्यावी व बाकीचे काम कन्व्हर्टरवर सोपवावे. जनित्र पेलू शकत असेल तर तितक्याच आवाजात व तितक्याच इंधनात बॅटरीला कितीतरी पट वीज मिळते.

दुसरा प्रश्न उरला, तो बॅटरीच्या अकाली मृत्यूचा. पट्ट्यांवरील सल्फेट ताजे असते तोवर ते सहज विरघळते. बॅटरी अर्धवट भारलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्याचे बारीक कण एकत्र येऊन कठीण स्फटिक बनतात. हे स्फटिक मग प्रवाहाला दाद देत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी होतो. जनित्राचे रोजचे दोन तास आणि त्यानंतर कधीही पूर्ण न भारणे, हा क्रम म्हणजे बॅटरीला अर्धपोटी ठेवून तिच्याकडून पूर्ण काम घेणे होय. सुट्टी संपल्यावर गाडी उभी राहते तेव्हाही गॅसची सूचना देणारे यंत्र वीज घेतच असते. ते अँपिअरचा केवळ दहावा भाग घेत असेल, तरी महिन्याकाठी ७२ अँपिअर-तास होतात. उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात याला आणखी एक संकट येऊन मिळते. पूर्ण भारलेल्या बॅटरीतील आम्ल उणे पन्नास अंशांपर्यंतही गोठत नाही. रिकाम्या बॅटरीत पाणीच अधिक असल्याने ती उणे दहा अंशांच्या आसपासच गोठते आणि तिचे कवच फुटते. म्हणून गाडी ठेवून देताना बॅटरी प्रथम पूर्ण भारावी, तिची तार सोडवावी, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भारावी.

अलीकडे पुष्कळ गाड्यांत शिशाच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या आहेत. या द्रव्याची बॅटरीसाठीची योग्यता दाखविणारा निबंध १९९७ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. त्यावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना लिथियम बॅटऱ्यांवरील कार्याबद्दल २०१९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ही बॅटरी वजनाने हलकी असते, प्रवाह जवळजवळ शेवटपर्यंत भराभर घेते, आणि अर्धवट भारलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही. मात्र तिचेही नियम आहेत. तिला बहुधा १४.४ ते १४.६ व्होल्ट दाब लागतो आणि शून्य अंशांच्या खाली तिला भारता येत नाही. तसे केल्यास तिला कायमची इजा होते. तिच्यासाठी कन्व्हर्टरही तिच्या प्रकृतीला मानवणारा घ्यावा लागतो. बॅटरी बदलली आणि कन्व्हर्टर जुनाच ठेवला, तर पैसे खर्चूनही पूर्ण लाभ पदरी पडत नाही.

तात्पर्य, अशा गाडीतून जाणाऱ्या कुटुंबाने चार गोष्टी सांभाळल्या तर रात्र निर्धास्त जाते. निघण्यापूर्वी गाडी किमान रात्रभर, शक्य तर पुरा एक दिवस खांबाच्या विजेला जोडून ठेवावी. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरू देऊ नये. जनित्र चालवावयाचे ते सकाळी चालवावे. बॅटरी भुकेली असताना ते मोठा हिस्सा लवकर देऊन मोकळे होते, आणि छतावर सौर पट्ट्या असतील तर उरलेले संथ काम दिवसभराचे ऊन करते. पुष्कळ छावण्यांत जनित्र चालविण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा शेजाऱ्यांच्या शांततेलाही हे सोयीचे पडते. चौथी गोष्ट अशी की, इतके करूनही पहाटे बॅटरी दगा देत असेल तर नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी बॅटरीच्या अग्रांवर दाब मोजून कन्व्हर्टर व तारा तपासून घ्याव्या.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण तसे नाही. २०२१ साली महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरणे जाहीर केली, तेव्हा अशी घरे आपल्या रस्त्यांनाही अपरिचित राहिलेली नाहीत. शिवाय ज्यांच्या घरात इन्व्हर्टर आहे त्यांच्या घरी हाच कन्व्हर्टर वेगळ्या नावाने नांदतो आहे. कारण वीज आली की बॅटरी भारण्याचे काम तीच पेटी करते. ज्या गावी वीज दिवसातून अनेकदा जाते, तेथे बॅटरी पूर्ण भारण्यापूर्वीच पुन्हा कामाला जुंपली जाते आणि ट्रेलरमधल्या बॅटरीसारखीच अकाली थकते. बॅटरी लवकर उतरू लागली म्हणजे दुकानदाराला दोष देण्यापूर्वी, तिला सलग दहा-बारा तास वीज शेवटची कधी मिळाली होती, हे आठवून पाहावे.

घरच्या बॅटरीचे पाणी दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे. पट्ट्या बुडालेल्या असतील तर बॅटरी भारून झाल्यावर, आणि उघड्या पडल्या असतील तर भारण्यापूर्वी त्या बुडतील इतके, डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे पाणी किंवा आम्ल कधीही घालू नये. बॅटरीची जागा हवेशीर असावी. भारताना निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के जमला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो, म्हणून तेथे देवाचा दिवा, उदबत्ती किंवा काडी पेटवू नये. बुचे उघडताना डोळ्यांवर चष्मा असावा, मुलांना दूर ठेवावे, आणि आम्ल अंगावर उडाल्यास तो भाग भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावा. डोळ्यांत गेल्यास धुऊन तत्काळ डॉक्टर गाठावा. महिन्यातून एखाद्या रविवारी, वीज सलग असेल त्या दिवशी, बॅटरीवरचा भार काढून तिला पुरते भारू द्यावे. घरातल्या कोणा एकाने एवढे काम अंगावर घेतले तरी बॅटरी आपले ठरलेले आयुष्य पुरे करील.